कोट क्रमांक चार

ऑफिसच्या लोखंडी कपाटात सहा काळे कोट आहेत.
चावी चहाच्या डब्यात असते,
हे दुसऱ्या वर्षाला आल्यावर कळतं.
गायधनी मॅडम रजिस्टर पुढे करतात:
नाव, दिनांक, कोटाचा क्रमांक,
आणि ‘परत करताना स्थिती’ असा एक रकाना,
ज्यात आजवर सगळ्यांनी ‘ठीक’ लिहिलंय.

मला चार नंबर आला.
बाह्या बोटांपर्यंत, खांदे कुणा उंच मुलाचे,
कॉलरच्या आत मार्करनं लिहिलेलं नाव
धुऊन धुऊन नुसता काना उरलेलं.
खिशात एसटीचं तिकीट, पेठ ते नाशिक, अर्धं फिकं.

मी सुरगाण्याची.
आई आश्रमशाळेत दीडशे पोरांच्या भाकरी थापते, रोजंदारीवर.
कायदा म्हणजे आमच्याकडे
जंगलखात्याच्या माणसाच्या काखेतली वही.
ती आपल्या बाजूनं धरून वाचायची होती,
म्हणून गंगापूर रोडला आले.

नोटीस बोर्डावर शिष्यवृत्तीची शेवटची तारीख: काल.
मी तिथंच उभी.
मॅडम मागून म्हणाल्या,
साइट आठवडाभर झोपलीये, तारीख वाढणार.
रडायचं नंतर बघ, उत्पन्नाचा दाखला आण आधी.
तारीख वाढली.

जुई वाघचौरे पास होऊन गेली तेव्हा
तिची पुस्तकं माझ्या खोलीत ठेवून गेली.
जुनी पुस्तकं, कायदा नवा, नंबर सगळे बदललेले;
तर पोरीनं दिवाळीच्या सुट्टीत बसून
प्रत्येक कलमाशेजारी लाल पेननं नवा आकडा लिहिला.
चारशेवीसपुढे: आता तीनशेअठरा,
पण भांडताना जुनाच वापर.

मूट कोर्टात मी हरले.
खोटा खटला, खोटी कंपनी, खोटी नदी,
समोर सीबीएसच्या कोर्टातले खरे वकील न्यायाधीश बनून.
काउन्सेल, तुमचा मुद्दा काय?
इंग्रजी सगळं घशात, कोट गुडघ्यांपर्यंत वाढल्यासारखा.
पंखा फिरला. घंटा वाजली.
समोरच्या मुलीनं निघताना तिची पाण्याची बाटली
माझ्यापुढे सरकवली, काही बोलली नाही.

कोट त्याच दिवशी परत द्यायचा होता.
पण दुसऱ्या दिवशी शनिवार,
अंबडच्या समाजमंदिरात विधी सहाय्य,
प्लॅस्टिकचं टेबल, पाटोळे सर कोपऱ्यात,
आणि सर म्हणाले, असू दे अंगात.

पार्वताबाई निरभवणे आल्या.
मिठाईच्या खोक्यात अकरा वर्षांची हजेरीकार्डं,
रबर लावून, वर्षाला एक रबर.
पॅकिंगला होत्या. कंपनीनं उद्यापासून नको सांगितलं,
हातात काही नाही.
वकीलबाई का तुम्ही?
अजून नाही, म्हटलं.
बाईंनी खुर्ची ओढली.
मग बसते. झालेले लोक
कार्डं मोजत नाहीत.

आम्ही मोजली.
मध्ये एका वर्षाची सहाच निघाली,
तर त्यांनी पदर चाचपून बाळंतपणाचा कागद काढला.
ग्रॅच्युइटीचा अर्ज मी मराठीत लिहिला,
सरांनी एक ओळ खोडली, दोन घातल्या.
घशात काहीच अडकलं नाही.
वाचून दाखवला तेव्हा बाई म्हणाल्या,
परत एकदा वाचा.
शंका नव्हती काही.
आपलं नाव एवढ्या नीट वाक्यात
त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

निकाल अजून लागायचाय.
कंपनी पत्र घेत नाही, टपाल परत येतं,
आम्ही पुन्हा पाठवतो.

सोमवारी कोट घडी करून नेला.
मॅडमनी उशिराबद्दल भुवया वर केल्या, तेवढंच.
रकान्यात ‘ठीक’ लिहिणार होते, पेन थांबलं.
मग लिहिलं:
डाव्या बाहीचं बटण सैल होतं, शिवलं.
खिशात तिकीट एक, जुनं.
शेजारी सुरगाण्याचं एक, नवं.
दोन्ही आत ठेवली आहेत.